गाळाची बोळवण

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, कारण ज्यांना माहीत होतं ते सांगायला उरले नाहीत. त्या काळी डोंगर आणि समुद्र यांच्या मधोमध एक राज्य होतं. एक नदी डोंगरातून निघायची, राज्यभर हिंडायची आणि शेवटी खाडी होऊन समुद्राला मिळायची. खाडीच्या मुखापासून बरंच आत एक बंदर होतं. तिथे दूरदेशीची जहाजं लागत, आणि त्यांच्यावर सगळं राज्य पोसलं जाई.

नदी नुसतं पाणी आणत नसे. दर पावसाळ्यात ती डोंगराची माती घेऊन येई, आणि खाडीत पाणी संथ झालं की ती माती तळाशी बसे. तिलाच आपण गाळ म्हणतो.

गाळ म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण लहानांनो आणि मोठ्यांनो, जरा थांबून विचार करा. ज्या डोंगरावर चढताना आपल्याला धाप लागते, तो डोंगर कुणाला पत्ता न लागू देता कणाकणाने समुद्राकडे निघालेला असतो. वाटेत त्याने किती धबधबे उतरलेले असतात, किती गावांची सावली अंगावरून जाऊ दिलेली असते. आणि एवढा प्रवास करून तो आपल्या पायाखाली येतो, तेव्हा आपण म्हणतो, शी, चिखल. मला तर हे आठवलं की हात जोडावेसे वाटतात.

बंदरातले लोकही गाळाला हात जोडत, पण निरोप द्यायला. गाळ साचला की जहाजं रुतत. म्हणून पावसाळा सरला की सगळी वस्ती खाडीत उतरायची, फावड्यांनी आणि टोपल्यांनी गाळ उपसायची आणि पडावांत भरायची. पडाव म्हणजे रुंद पोटाच्या सपाट होड्या. मग पौर्णिमेला त्या गाळाची बोळवण व्हायची.

हो, बोळवणच. लेकीला सासरी पाठवतात तशी. खुद्द राणी घाटावर येऊन गाळाला हळदकुंकू वाही, कण्हेरीची पिवळी फुलं घाली. बायका गाणी म्हणत, म्हातारे डोळे पुसत. दुपारी ओहोटी लागली की पडाव तिच्याबरोबर मुखाकडे निघत. मुखाशी पोचेपर्यंत ओहोटी संपत आलेली असे. तिथे गाळ समुद्राच्या ओटीत घालायचा, म्हणजे पाण्यात लोटून द्यायचा, आणि भरती लागली की तिच्याबरोबर घरी यायचं. वल्ही फारशी मारावी लागत नसत. शहाणी माणसं होती, पाण्याशी भांडत नसत.

या बोळवणीचा एक नियम मात्र कडक होता. गाळ सोडल्यावर घाट लागेपर्यंत कुणीही मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं तर समुद्राला वाटेल, यांना दिलेलं परत हवंय. तांडेलाने, म्हणजे होडी हाकणाऱ्या मुख्य माणसाने, वळून पाहिलं तर त्याने सुकाणू कायमचं सोडायचं. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे तो मोडायचा कसा, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या राज्यात सगळ्या पडावांचा मिळून एक थोरला तांडेल होता. त्याच्या घरात हा मान बापाकडून मुलाकडे आलेला होता. माणूस उंच, शब्दाचा पक्का, आणि पक्की माणसं असतात तसा थोडा हट्टी. त्याला एकच लेक होती. ती मुखाजवळच्या एका खाजणगावात दिली होती.

खाजण म्हणजे खाडीकाठची सखल जमीन. तिथलं शेत भरतीच्या पाण्याहून खाली असतं. शेत आणि समुद्र यांच्यामध्ये उभा असतो तो फक्त मातीचा बांध. बांध आहे तोवर भात आहे, घर आहे, चूल आहे. बांध गेला की खारं पाणी आत, आणि मग गावाने उठून जायचं.

इकडे बंदरात दरवर्षी गाळ वाढतच होता. कितीही उपसा, पुढच्या वर्षी तेवढाच हजर, वर थोडा जास्तच. लोक म्हणत, डोंगराची कृपा. आणि आणखी खोल खणत. खाडी खोल झाली तसं तिचं पाणी जोरात धावू लागलं. काठाच्या पायाखालची माती निसटू लागली, आणि खाजणगावचा बांध खाडीकडे कलू लागला. त्याला इतक्या भेगा पडल्या की त्यांत हात जाई.

त्या वर्षी बोळवणीच्या आधी लेक माहेरी आली. तिने बापाला सांगितलं की गावाची बैठक झाली आहे. यंदा बांध गेला तर गाव सोडायचं ठरलं आहे, आणि कुठे जायचं ते कुणालाच माहीत नाही. मग ती म्हणाली, "बाबा, तुमचे पडाव भरलेले माझ्या दारावरून जातात. त्यातला थोडा गाळ आमच्या बांधाला द्या."

तांडेल म्हणाला, "बाय, तो समुद्राला दिलेला आहे. मधल्या वाटेत मी तो उतरवू कसा?"

"समुद्राला काय कमी आहे, बाबा?"

तांडेलाला राग आला. रीतभात तुला शिकवावी लागेल असं वाटलं नव्हतं, असं काहीबाही तो बोलून गेला. लेकीने ऐकून घेतलं, पदर खोचला आणि ती आपल्या गावी परत गेली.

पौर्णिमा आली. बोळवण थाटात झाली. पडाव ओहोटीबरोबर निघाले तेव्हा खाजणगावच्या बांधावर लेक उभी होती. तिने हात केला नाही आणि तांडेलानेही केला नाही. मुखाशी पोचल्यावर गाळ पाण्यात लोटला गेला. फुलं तरंगली, पाणी पिवळसर झालं, सगळ्यांनी माना फिरवल्या आणि पडावांची तोंडं घराकडे वळली. भरती लागली. ओझं उतरलेले पडाव हलके चालू लागले.

खाजणगाव मागे टाकलं, आणि तेवढ्यात मागून आवाज आला. मोठं झाड पडावं तसा, पण ओला. त्याच्या मागोमाग लेकीची हाक आली.

"बाबा, बांध गेला."

पडावांवरच्या सगळ्यांनी ती ऐकली आणि सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. तांडेलाने नियमाचा विचार केला, मग लेकीचा विचार केला, असं मी तुम्हाला सांगू शकलो असतो. पण खरं सांगायचं तर त्याने कसलाच विचार केला नाही. बापाची मान होती, ती आपोआप वळली.

सूर्य समुद्राला टेकला होता. त्या उजेडात तांडेलाला आधी बांध दिसला. मधोमध मोठी खांड, म्हणजे भगदाड, पडली होती आणि बांधाची माती ढासळून खाडीत उतरत होती. मग त्याला पाणी दिसलं, आणि त्याचा हात सुकाणूवर तसाच राहिला.

पडावांच्या मागून, त्यांच्याच चालीने, या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेला गढूळ पाण्याचा लोट येत होता. सांजेला गुरं गुराख्यामागून गोठ्याकडे येतात तसा, न घाई करता, वाट ठाऊक असल्यासारखा. त्यावर कण्हेरीची पिवळी फुलं होती. ज्या भरतीने पडावांना उचललं होतं, तिनेच गाळालाही उचललं होतं. आणि खाजणगावच्या बांधाची माती त्या लोटात मिसळून बंदराच्या वाटेला लागली होती.

तांडेलाचा बाप याच पाण्यावरून घरी गेला होता, आजाही गेला होता. मान ताठ, नजर पुढे. आणि दर वेळी ही एवढी मोठी वरात त्यांच्या पाठीमागून मुकाट्याने येत राहिली होती. इतकं अफाट काही आपल्या पाठीशी इतक्या पिढ्या चालत होतं आणि आपल्याला त्याची चाहूलही लागली नाही, या विचाराने त्याला भीती वाटली, आणि भीतीहूनही मोठं काहीतरी वाटलं.

"वळा," तो आपल्या माणसांना म्हणाला. "सगळे वळून बघा. पाप लागलंच तर ते मला लागू दे."

माणसं वळली. एका वयस्क वल्हेकऱ्याने नकळत हात जोडले.

पण भरती वाढत होती आणि खांडीतून पाणी शेतात शिरू लागलं होतं. बुजवायला माती हवी होती, आणि माती तर आत्ताच समुद्राला देऊन झाली होती. तांडेलाने आपला पडाव फिरवला, खांडीत आडवा घातला आणि कुऱ्हाडीने त्याच्या तळाला भोक पाडलं. पडाव पाण्याने भरून जागीच बसला. त्याचं पाहून दुसऱ्याने आपला पडाव शेजारी बसवला, मग तिसऱ्याने. राणीचे पडाव होते ते, सजवलेले, तोरणं बांधलेले. गावकरी पेंढा, दगड, फांद्या, मिळेल ते घेऊन धावले. पाणी तरीही आत आलं, फटींतून आलं, काठांवरून आलं. पण धावत आलं नाही, चालत आलं. शेतं गुडघाभर बुडाली, घरं मात्र राहिली.

सकाळी ओहोटीला पाणी उतरलं, आणि लेकीने बापाला हाक मारून बोलावलं. बुडवलेल्या पडावांच्या आतल्या बाजूला, जिथे काल नुसती खांड होती, तिथे वीतभर जाडीचा मऊ गाळ बसला होता. लोण्यासारखा सपाट. कुणी फावडं लावलं नव्हतं, कुणी टोपली उचलली नव्हती. आणि त्यात कण्हेरीची फुलं रुतलेली होती.

बाप आणि लेक दोघंही गुडघ्यांवर बसली. लेकीने तो गाळ बोटाने हलकेच दाबून पाहिला. "बाबा," ती म्हणाली, "पाणी दमलं की ओझं खाली ठेवतं."

दुपारपर्यंत राणी आली. म्हातारी होती, तापट होती, आणि तिचे पडाव परत आले नव्हते. तिच्याबरोबर मंत्री होते, आणि प्रत्येकाजवळ आपापलं स्पष्टीकरण होतं. तांडेलाने काही लपवलं नाही. मागे वळून पाहिल्याचं त्याने सगळ्यात आधी सांगितलं, मग काय दिसलं ते सांगितलं, आणि मग तिला त्या गाळापाशी नेलं.

राणीने वाकून एक फूल उचललं. ते तिनेच काल स्वतःच्या हाताने वाहिलं होतं. मंत्री बोलत होते, त्यांना तिने हातानेच गप्प केलं. रेशमी लुगड्यानिशी ती बांधाच्या ओल्या मातीवर बसली. भरती लागेपर्यंत बसून राहिली, आणि मग गढूळ पाणी तिच्या समोरून आत जाताना तिने डोळ्यांनी पाहिलं. मी ऐकलंय की राज्याभिषेकाच्या दिवशीही तिचा चेहरा एवढा गंभीर नव्हता.

शेवटी ती म्हणाली, "माझी आजी, माझी आई आणि मी. आम्ही त्याच त्या गाळाला पुन्हा पुन्हा निरोप देत आलो."

तांडेलाने आपल्या पडावाचं सुकाणू काढून तिच्या पायाशी ठेवलं. राणीने त्याला अडवलं नाही. काही जण म्हणतात की तिने अडवायला हवं होतं. मला तसं वाटत नाही. शब्दाचा माणूस होता, तिने परत दिलं असतं तरी त्याने घेतलं नसतं, आणि घेतलं असतं तर त्याला रात्रीची झोप लागली नसती.

"सुकाणू सुटलं," राणी म्हणाली. "आता हा गाळ कुठे ठेवायचा ते सांग."

"ते पाण्याला विचारावं लागेल, राणीसाहेब."

आणि विचारलं. पण तुम्हाला वाटेल की पाण्याने लगेच सांगितलं आणि सगळं छान झालं, तर तसं नाही. आपण माणसं आधी चुका करतो. त्या वर्षी बंदरातला सगळा गाळ लोकांनी उत्साहाने आणून खाजणगावच्या बांधावर एकदम रचला. ओल्या गाळाचं वजन बांधाला पेलवेना. ढीग घसरला आणि बरोबर उरलासुरला बांधही घेऊन गेला. एवढी फजिती झाली की बंदरातले टवाळ महिनाभर तेवढंच बोलत होते. तांडेल लेकीच्या घरीच राहिला आणि सहा-सहा तास खाडीकडे पाहत बसू लागला.

मग त्यांनी गाळ एकदम टाकायचं सोडलं. बांधाच्या पुढे बांबूच्या काठ्या रोवल्या, त्यांत फांद्या विणून कुंपणं केली. भरती लागताना पडावांतला गाळ त्या कुंपणांच्या तोंडाशी सोडायचा, आणि पुढचं काम भरतीवर सोपवायचं. जी भरती इतक्या पिढ्या गाळ बंदरात परत नेत होती, ती आता तोच गाळ कुंपणांच्या आत नेऊन पातळ थरांनी अंथरू लागली. एक थर सुकला की दुसरा. त्यातून नवा बांध उभा राहिला. आतल्या जमिनीवर घातलेल्या गाळातलं मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत तिथे भात पेरायचं नाही, हेही एक पीक जळल्यावर कळलं.

बंदरात कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचा घाट होता, त्याच्याजवळचा गाळ निळा-तांबडा असे, आणि तो पडेल तिथे गवतही उगवत नसे. तो वेगळा काढून विटांच्या भट्टीकडे नेऊ लागले, आणि रंगाऱ्यांना रंगाचं पाणी खड्ड्यात जिरवायला लावलं. रंगारी कुरकुरले, पण राणी तापट होती हे मी सांगितलंच आहे. मासळी अंडी घालते तेव्हा फावडी बंद राहू लागली. जहाजांच्या वाटेपुरतंच खणायचं, काठाला हात लावायचा नाही, असं ठरलं. आणि गाळ परत येईनासा झाला तसं खणायचंही कमी झालं.

वर्षं गेली. कुंपणांच्या आतला चिखल उंचावत गेला. त्यात खाऱ्या पाण्यात वाढणारी तिवराची झाडं आपणहून उगवली. त्यांच्या मुळांत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आल्या, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या आल्या, आणि त्यांच्या मागावर बगळे आले. उधाणाच्या लाटा आता बांधापर्यंत पोचायच्या आतच दमू लागल्या. खाजणगावातून एकही घर उठलं नाही. बंदरात जहाजं येत राहिली, आणि नव्या जमिनीवर पहिल्यांदा भात झाला तेव्हा त्याचा वास त्या जहाजांवरच्या खलाशांना आला.

त्याच सुमाराला एक दिवस डोंगरातली एक म्हातारी बंदर ओलांडून खाडीकाठच्या गावांत मध विकायला निघाली होती. वाटेत तहान लागली म्हणून ती लेकीच्या अंगणात आली. पाणी पिऊन तिने तांब्या खाली ठेवला, आणि तिची नजर कापणी झालेल्या शेताकडे गेली. ती उठली, शेतात गेली, मूठभर माती उचलून तिने नाकाशी धरली.

"ही आमची माती," ती म्हणाली.

लेकीला कळेना. म्हातारीने मग सांगितलं की डोंगराच्या उतारावर तिचं शेत होतं. दर पावसात त्यातलं थोडं वाहून जायचं. तिची सासू दारात बसून रडायची, मग ती स्वतः रडायची. पार खडक उघडा पडेपर्यंत. माती समुद्रात गेली, संपली, असंच त्यांनी धरलं होतं. जन्मभर तिने त्या मातीचं सुतक धरलं होतं.

ओट्यावर बसलेला म्हातारा तांडेल काठी टेकत उठला. मुलीच्या आईपुढे उभं राहावं तसा तो तिच्यापुढे अदबीने उभा राहिला आणि म्हणाला, "विहीणबाई, बसा."

लेकीने तिला हवी तितकी माती परत न्यायला सांगितलं. बैल देते, गोणी देते, म्हणाली. म्हातारीने मातीचा हात कपाळाला लावला. तिच्या सुरकुत्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा असा उजळला होता की लेकीला तिच्याकडे पाहवेना.

"नको गं बाय," ती म्हणाली. "मला वाटलं होतं ती मेली. इथे नांदतेय, तर नांदू दे."

तात्पर्य: टाकून देण्याची जागा जगात कुठेच नसते, नीट ठेवण्याची मात्र असते.